घरोट्यावरचें गाणें व तबकडीवरचें गाणें

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत आमच्या शाळेच्या मुलींनीं सुगरणीच्या खोप्याचें गाणें म्हटलें. तें फार सुरेख झालें असें आम्हांस अनेक पालकांनीं जवळ येऊन सांगितलें. आपण बसविलेल्या गाण्याची प्रशंसा ऐकून कोणास आनंद होत नाहीं? आम्हांसही झाला. परंतु त्याच रात्रीं मंडपाच्या दाराशीं चपला शोधीत असतां एका वृद्ध बाईनें जो अभिप्राय दिला, तो अद्यापि आमच्या मनांतून गेलेला नाहीं. त्याचा वृत्तांत वार्षिकाच्या ह्या पानांत देण्याचें धाडस करतों. त्यांत आमची एक चूक आहे, आणि ती ज्या मुलीच्या बाबतींत घडली ती मुलगी हीं पानें वाचणारच आहे.

गाणें कोणाचें हें खानदेशच्या मुलांस सांगावयास नको. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० सालीं जळगांवाजवळच्या आसोदें गांवीं झाला. लग्न होऊन त्या जळगांवास आल्या, तरुणपणींच विधवा झाल्या, आणि शेतांत राबून त्यांनीं मुलें वाढविलीं. लिहितां-वाचतां त्यांस येत नव्हतें. दळतांना, कांडतांना, निंदतांना जें ओठांवर आलें तें त्या म्हणत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरचे दुसरे एक आप्त तें कागदावर उतरून ठेवीत. १९५१ च्या डिसेंबरांत बाई वारल्या. पुस्तक निघालें १९५२ सालीं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे आपल्या गाण्यांचें पुस्तक बाईंनीं हातांतही धरलें नाहीं. धरलें असतें तरी तें त्यांना वाचतां आलें नसतें, आणि त्याच बाईंचें नांव २०१८ सालीं आमच्या जळगांवच्या विद्यापीठास देण्यांत आलें!

परंतु हीं गाणीं महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचलीं तीं पुस्तकांतून थोडीं आणि ध्वनिमुद्रणांतून फार. १९६१ सालीं अनंत माने ह्यांचा 'मानिनी' हा चित्रपट आला. त्यांत बाईंचीं गाणीं घेतलीं होतीं. संगीत वसंत पवारांचें, म्हणजे ज्यांनीं दोन वर्षांपूर्वीं 'सांगत्ये ऐका'च्या लावण्यांनीं सारा मुलूख डोलविला होता त्यांचें. खोप्याचें गाणें सुमन कल्याणपूर ह्यांच्या गळ्यांतून उतरलें. पुढें यशवंत देवांनीं बाईंच्या दुसऱ्या गाण्यांना चाली लावल्या व तीं उत्तरा केळकरांनीं गायिलीं. आज तुम्हां मुलांच्या दूरध्वनियंत्रांत हें सर्व एका बोटाच्या स्पर्शानें वाजतें. आम्ही गाणें बसविलें तेंही असेंच, टेबलावर यंत्र ठेवून, एकेक ओळ थांबवून.

तालीम चालू असतांच शिक्षकांच्या खोलींत ह्या मुद्रणाविषयीं वाद सुरू झाला. आमचे चित्रकलेचे सहकारी मूळचे भडगांवकडचे. ते म्हणाले, "शेतांतून आलेलें लुगडें धुवून, इस्तरी करून, वर अत्तर शिंपडलें आहे. लुगडें तेंच आहे, पण त्यास मातीचा वास येत नाहीं." गणित शिकविणाऱ्या बाई कोंकणांतल्या. त्या म्हणाल्या, "मला खानदेश कोठें आहे हें ठाऊक नव्हतें तेव्हांपासून हें गाणें येतें. आमच्या आईला तें रेडिओनें शिकविलें. मातीचा वास घेऊन तें आमच्या दारापर्यंत आलें असतें का?" ह्यावर चित्रकलेच्या सहकाऱ्यांनीं चहाचा पेला खालीं ठेवून कांहीं बोलण्याचा विचार केला, इतक्यांत घंटा झाली.

हा वाद केवळ आपल्याकडचाच आहे असें नाहीं. आमचा थोरला मुलगा पुण्यास शिकतो. सुट्टींत घरीं आला असतां त्यानें आम्हांस अमेरिकेंतील 'वीझर' नांवाच्या वाद्यवृंदाची गोष्ट सांगितली. ह्या मंडळींनीं १९९६ सालीं 'पिंकर्टन' नांवाचा गीतसंग्रह काढला. तो त्यांनीं स्वतःच मुद्रित केला होता. तो ओबडधोबड होता, आणि त्यांत गाणाऱ्यानें आपलें दुःख कांहींच झांकून ठेवलें नव्हतें. त्या वेळीं तो फारसा कोणास रुचला नाहीं. पुढें मात्र तिकडे ज्या संगीतास 'इमो' म्हणतात त्याच्या भक्तांनीं तो डोक्यावर घेतला. २००१ सालीं त्याच मंडळींनीं रिक ओकासेक ह्या जाणत्या निर्मात्याच्या देखरेखीखालीं हिरव्या वेष्टनाचा दुसरा संग्रह काढला. तो नीटनेटका, घोटलेला, पुरता अर्ध्या तासाचाही नव्हे असा होता. झालें! कोणी म्हणाले, आतां हे खरे कारागीर झाले. कोणी म्हणाले, कारागिरी आली आणि माणूस गेला. मुलाच्या आग्रहास्तव आम्हीं दोन्ही संग्रह ऐकले. आम्हांस ते सारखेच कर्कश वाटले, हें प्रांजळपणें नमूद करतों. परंतु भांडण मात्र ओळखीचें वाटलें.

ओळखीचें वाटण्यास आणखीही एक कारण होतें. आमच्या ख्रिस्ती मंडळींत हेंच भांडण कित्येक वर्षें चाललें आहे. पूर्वीं आपल्या उपासनांत इंग्रजी चालींवर बेतलेलीं गीतें फार असत. नारायण वामन टिळकांनीं अभंग, भजन, कीर्तन हीं देवळांत आणलीं आणि मराठी ख्रिस्ती माणसास आपल्या आईच्या भाषेंत रडतां येऊं लागलें. टिळक १९१९ सालीं निवर्तले. त्यांचीं भजनें आमचे वडील नुसत्या झांजेवर म्हणत. आतां तरुण मंडळी तींच भजनें विजेच्या पेटीवर व गिटारीवर म्हणतात, ध्वनिमुद्रितही करतात. आम्ही ह्या बाबतींत नेहमींच झांजेच्या बाजूचे. खरें पाहतां त्या मुलांचें मुद्रण आम्हीं एकदांही शेवटपर्यंत ऐकलेलें नव्हतें.

असो. आमच्या गाणाऱ्या मुलींत नववीची एक मुलगी होती. तिचें गांव जामनेरच्या बाजूस. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी ती छोटी आगगाडी २०२० सालीं बंद झाली, तेव्हांपासून ती मोटारीनें येते. आवाज खणखणीत, तालाची जाण उपजत. आम्हीं तिला पहिल्या रांगेंत उभें केलें. तिसऱ्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें कीं, ही 'झाडाला' म्हणत नाहीं, 'झाडाले' म्हणते. आम्हीं सुधारलें. तिनें पुन्हा 'झाडाले' म्हटलें. आम्हीं पुन्हा सुधारलें. तिसऱ्या वेळीं आम्ही सर्वांदेखत म्हणालों, "बाई ग, घरीं काय बोलायचें तें बोल. येथें शाळा आहे. रंगमंचावर शुद्ध मराठी पाहिजे." मुली हंसल्या. ती हंसली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती आपण होऊन मागच्या रांगेंत जाऊन उभी राहिली. तिच्या ओठांची हालचाल होत असे, पण तिचा आवाज आमच्यापर्यंत येत नसे. तालमीच्या घाईंत आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. 'बरें झालें, एकसारखेपणा आला,' असेंच आम्हांस वाटलें असावें.

आतां त्या वृद्ध बाईकडे वळूं. ती ह्याच मुलीची आजी. नातीचें गाणें ऐकावयास गांवाहून मुद्दाम आली होती. आम्हांस वाटलें, हीही सुरेख झालें म्हणेल. ती म्हणाली, "गानं चांगलं व्हतं मास्तर. पन गानारी बाई दमलीच नाई."

आम्हांस प्रथम अर्थ लागला नाहीं. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर लागला. जातें ओढतांना खुंटा छातीशीं येतो तेव्हां श्वास कोंडतो आणि दूर जातो तेव्हां सुटतो. ओळ त्या श्वासाप्रमाणें तुटते व जोडली जाते. दोन पायली धान्य दळून होईपर्यंत गाणें चालावयाचें. त्यास ना आरंभाचें वाद्य, ना शेवटची तान. पीठ पुरेसें झालें कीं गाणें संपलें. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें मावत. तेवढ्यांत मुखडा, अंतरे व मधले वाद्यांचे तुकडे बसवावयाचे, म्हणजे दमावयास वेळ कोठून असणार? ही चित्रपटसृष्टीची रीतच होती. तबकडीवरील गायिकेनें कधीं जातें ओढलें कीं नाहीं हें विचारणें व्यर्थ आहे. तिचें काम गाणें हें होतें व तें तिनें चोख केलें. पण आमच्या मुलींपैकीं ज्या एकीनें घरीं हें दमलेलें गाणें ऐकलें होतें, तिला आम्हीं मागच्या रांगेंत घालविलें होतें.

झोंप येईना म्हणून उठून कपाटांतून बाईंचें पुस्तक काढलें. आम्हीं तें पूर्वीं अनेकदां वाचलें होतें, वर्गांतही शिकविलें होतें. खोप्याचें गाणें उघडलें. तेथें छापलेलें होतें: 'झाडाले.'

पदवी घेऊन वीस वर्षें मराठी शिकविल्यावर आम्हीं बहिणाबाईंचें मराठी दुरुस्त केलें होतें! डोळ्यांनीं 'ले' वाचावें आणि कानांनीं 'ला' ऐकावें, इतके आपण शुद्धतेस सरावलेले असतों. दोष तबकडीवर ढकलण्याचा मोह त्या क्षणीं झाला, हेंही सांगितलें पाहिजे.

पुढच्या रविवारीं उपासना आटोपून आम्ही त्या गांवीं गेलों. मुलीनें दारांतच ओळखलें, पाणी आणून दिलें आणि आंत जाऊन बसली. घराच्या कोपऱ्यांत घरोट होतें. आपण ज्यास जातें म्हणतों त्यास इकडे घरोट म्हणतात. गांवांत पिठाची गिरणी झाल्यापासून त्यावर पीठ पडलें नव्हतें. वर कापसाच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. आम्हीं आजींस विनंती केली कीं, एखादी ओवी म्हणून दाखवा. त्या म्हणाल्या, बसून येत नाहीं. मग नातीनें पिशव्या उचलल्या, मूठभर ज्वारी घातली, आणि आजी-नात समोरासमोर बसल्या. तें बहिणाबाईंचें गाणें नव्हतें. भाऊ मुऱ्हाळी होऊन येणार ह्याविषयींचें कांहीं होतें. आवाज फाटका, मध्येंच दगडाच्या घरघरीखालीं बुडणारा. तिसऱ्या फेऱ्यास नातीनें सूर धरला. तिचा तो खणखणीत आवाज आम्हीं कित्येक दिवसांनीं ऐकला.

आमचे डोळे भरून आले. आम्ही मोठ्या आवेशानें म्हणालों, "आजी, खरें गाणें हें! तबकडीवरच्या गाण्यास ह्याची सर नाहीं." आम्हांस वाटलें, आतां ही बाई प्रसन्न होईल. तिनें आमच्याकडे जरा कींव आल्यासारखें पाहिलें आणि नातीस म्हणाली, "तो मोबाइल लाव, ते खोप्याचं." नातीनें मुद्रण लावलें. आजी भिंतीस टेंकून, पाय लांब करून, डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव."

मग आमच्याकडे वळून म्हणाली, "आम्ही दयतांना म्हनायचो ते कोनाले ऐकवासाठी नव्हतं, मास्तर. हात थकू नये म्हनून व्हतं. हे बसून ऐकासाठी आहे. मंग ते गोडच पायजे. आमाले बसून ऐकाले कधी भेटलं?"

ह्यावर काय बोलावें तें आम्हांस सुचेना. मंडपाच्या दाराशीं हिनेंच त्या गाण्यास नांव ठेवलें होतें ना? आम्हीं तसें विचारलें. ती म्हणाली, "नांव कुठं ठेवलं? दमली नाई म्हटलं. चांगलंच झालं की, एक तरी बाई दमली नाई."

चित्रकलेच्या सहकाऱ्यांस व गणिताच्या बाईंस आम्हीं हा प्रसंग सांगितला. दोघांनाही त्यांत आपलाच पक्ष सिद्ध झाल्याचें दिसलें. आम्हीं स्वतः त्या आठवड्यांत एवढेंच केलें कीं, देवळांतल्या तरुण मंडळींचें तें भजनांचें मुद्रण शेवटपर्यंत ऐकलें. दोन भजनें आवडलीं. तिसऱ्यांत ढोलाच्या आवाजाखालीं टिळकांचे शब्द गुदमरतात, असें आमचें मत अजूनही आहे आणि तें आम्हीं त्यांस सांगितलें आहे.

नववीच्या त्या वर्गांत सोमवारीं पहिल्या तासास आम्हीं पुस्तक उघडून 'झाडाले' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि आमच्याकडून चूक झाली असें सांगितलें. मुलीनें मान वर केली नाहीं. तिची वही मात्र उघडी होती व तिनें तो शब्द उतरून घेतला. तो शब्द तिला उतरून घेण्याची गरज नव्हती.

ह्या वर्षीं ती दहावींत आहे. संमेलनासाठीं आम्हीं पुन्हा बहिणाबाईंचेंच गाणें घेतलें आहे, घरोट्यावरचें. चाल ठरविण्यास मुलींस सांगितलें, तेव्हां बहुतेकींनीं मुद्रणांतील चालीसारखी गोड चाल मागितली. ती मुलगीही त्यांतच होती. आम्हीं मान्य केलें. उच्चार मात्र तिनें शिकवावयाचे असें ठरलें आहे. गांवांतल्या वकिलांची मुलगी 'ळ'च्या जागीं 'य' म्हणतांना अजून अडखळते, आणि ही तिला तीन-तीनदां म्हणावयास लावते. एका पालकांनीं चिठ्ठी पाठविली आहे कीं, शाळेनें मुलींस अशुद्ध बोलणें शिकवूं नये. तिचें उत्तर आम्ही लिहीत आहों. तबलजीस मध्यें एक श्वासभर थांबावयास सांगितलें आहे, पण तो अद्यापि थांबत नाहीं.