वर्षाची चटणी, जूनची भिशी

कॅलेंडरचं वर्ष १ जानेवारीला सुरू होतं, बँकेचं १ एप्रिलला. मिरजेतल्या घराचं वर्ष मिरच्यांनी सुरू होतं. शिमगा आटोपून ऊन चढायला लागलं, की लक्ष्मी मार्केटच्या बाजूला लाल ढीग दिसू लागतात. रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी, आणि दोन्हींचं प्रमाण ज्या त्या घराचं ज्याचं त्याला ठाऊक. मिरच्या गच्चीत वाळवायच्या, खरखर वाजायला लागल्या की देठं खुडायची. खोबरं, धने, तीळ भाजायचे, कांदा-लसूण तळून घ्यायचा आणि सगळं डब्यांत भरून डंकावर जायचं. डंकावर दोन-दोन तास रांग असते. रांगेतल्या सगळ्या बायका पदराने नाक दाबून शिंकत असतात, आणि तशातच सून, जावई, दहावीची पोरं यांच्या गोष्टी चाललेल्या असतात. कुटलेली चटणी गरम असते. घरी आणून ती कागदावर पसरायची, पार गार झाली की बरणीत दाबून दाबून भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि दादरा बांधायचा.

ही बरणी वर्षभर पुरते. पुरायलाच पाहिजे. मध्येच संपली आणि दुकानातून पुडी आणावी लागली, तर घरातल्या बाईला ते लागतं. म्हणून ती आधी माणसं मोजते. पुण्याला शिकायला गेलेल्या पोराला एक डबा, माहेरवाशिणीला एक डबा, गणपतीत येणारे पाहुणे, यंदा घरात लग्न असलं तर त्याचा वेगळा अंदाज. मग मिरच्या किती किलो घ्यायच्या ते ठरतं. ‘यंदा जरा कमी तिखट खाऊ’ असा संकल्प करून कुणी चटणी करत नाही.

पैशांच्या बाबतीत आपण नेमका तोच संकल्प करतो. यंदा खर्च कमी करायचा, यंदा काहीतरी शिल्लक टाकायची. ‘काहीतरी’ शिल्लक पडत नाही, हे मी ब्राह्मणपुरीतल्या कितीतरी घरांत पाहिलं आहे आणि त्यांत मिळवतं घर आणि हातावर पोट असलेलं घर असा फरक नसतो. ज्या पैशाला नाव नाही आणि महिना नाही, तो पैसा घरात टिकत नाही. पाहुणा आला, फॅन बिघडला, सेल लागला, की तो जातो. जाताना त्याला अडवायला कुणी नसतं, कारण तो कुणाचाच नसतो. पोरीच्या फीचा म्हणून ठेवलेला पैसा उचलायला मात्र हात धजत नाही.

त्यामुळे येत्या वर्षाचं ठरवायला बसायचं, तर आधी महिने मांडावे लागतात आणि मिरजेचे महिने मिरजेचे असतात. मार्च-एप्रिलमध्ये चटणी, शाळू, गहू, पापड-कुरडया. जूनमध्ये वह्या, दप्तरं, गणवेश, फी, आणि त्याच महिन्यात पावसाआधी छपराची कौलं बघायची. जुलै-ऑगस्ट नदीचे. भाद्रपदात गणपती, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं. यांतला एकही खर्च अचानक येत नाही. दिवाळी कधी येणार हे दाते पंचांगात छापलेलं असतं, जूनमध्ये शाळा उघडणार हे तर पोरालाही माहीत असतं. तरीसुद्धा दर जूनला गल्लीत उसनवारी चालते. मे संपताना शेजारीण संकोचून दारात येते, तेव्हा तिच्याकडे पैसा कमी असतो हे खरंच; पण वर्षभरात तिच्या हातून गेलेल्या पैशातला थोडासा जरी जूनच्या नावाने बाजूला बसला असता, तर तिला दारात उभं राहावं लागलं नसतं. समजा जूनला १८,००० रुपये लागतात. वर्षाच्या बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १,५००. हा १,५०० चा आकडा मे महिन्यातल्या १८,००० एवढा भयंकर दिसत नाही.

नदीचा महिना वेगळा सांगायला हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पुन्हा दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी चढलं. त्याआधी २००५ चा पूर होताच. मिरज थोडी उंचावर, म्हणून सांगलीची नात्यातली माणसं पिशव्या घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. पाणी उतरल्यावर त्यांच्या घरी गेलो, तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती आणि फुगलेल्या लाकडी कपाटाचं दार उघडत नव्हतं. सरकारची मदत आली, माणुसकीने माणसं धावली, त्यात काही खोटं नाही. पण पहिल्या आठवड्यात लागले ते रोख पैसे. गाळ काढायला मजूर, पाण्याचे जार, भिजलेल्या अंथरुणांऐवजी नवी अंथरुणं, फ्रीज-मिक्सर दुरुस्तीला. तेव्हापासून मला वाटतं, कृष्णेकाठच्या घराने वर्षाचं गणित मांडताना पहिली ओळ नदीची लिहावी. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च, चटकन काढता येईल अशा साध्या बचत खात्यात. त्याला व्याज किती मिळतं हे बघायचंच नाही.

दुसरी ओळ दवाखान्याची. मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ साली इथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं इथे उपचाराला येत आली. स्टेशनबाहेर बघा, एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत धरलेला माणूस दिवसभरात केव्हाही दिसेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे मोठ्या शस्त्रक्रियेचं ओझं पुष्कळ घरांवरून उतरलं, ही फार मोलाची गोष्ट झाली. परंतु रुग्ण खाटेवर असताना बाहेर बाकावर बसलेल्याचं जेवण, रिक्षा, बुडालेला रोज, घरी गेल्यावरची महिनोन् महिन्यांची औषधं, हे ज्याचं त्याला करावं लागतं. ज्या गावाने परगावच्या माणसांची ही धावपळ रोज पाहिली, त्या गावातल्या घरात तरी दवाखान्याचं पाकीट रिकामं असू नये.

आता भिशी. आमच्या गल्लीत भिशी चालते आणि ती चालवणाऱ्या बाईचा शब्द बँकेच्या शिक्क्याएवढा चालतो. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ते गोळा होतात, स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकतात, लहान पोराकडून एक उचलायला लावतात. पण पोहे होईपर्यंत खरं काम वेगळंच चाललेलं असतं.

“वहिनी, माझा नंबर जूनला लावा की. दोघांच्या वह्या-पुस्तकं हायत.”

“अगं पण जून शिलाईवालीला दिलाय. तिला मशीन घ्यायचीय.”

“मग मला मे तरी. मेमध्ये उचलते आणि तसंच ठेवते.”

“ठेवशील का पण?”

“तुमच्याकडंच ठेवा. माझ्या हातात देऊच नका.”

कागदोपत्री ही साधी फिरती रक्कम आहे, व्याजही नाही. पण या बायकांनी भिशीचं रूपांतर वर्षाच्या आखणीत केलं आहे. कुणाला केव्हा गरज आहे हे सगळ्यांना माहीत, चिठ्ठी नावापुरती. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये पात्र बायकांच्या स्वतःच्या खात्यात यायला लागले, तेव्हा दोघीजणी पहिल्यांदाच भिशीत आल्या. आधी त्यांना हप्त्यासाठी घरात विचारावं लागायचं. लिलावाच्या भिशीपासून मात्र लांब राहावं. नडलेली बाई तिथे स्वतःच्याच पैशावर नुकसान सोसून रक्कम उचलते.

एवढ्याशा रकमेला आणि एवढ्याशा हेतूला किती वजन असतं, याची मला माहीत असलेली सगळ्यात थोर गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची आहे. माण तालुका दुष्काळी. तिथे रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्याकडे आली. तिला रोजच्या कमाईतून थोडे पैसे बाजूला टाकायचे होते, कशासाठी तर पावसाळ्याआधी डोक्यावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. बँकेने खातं उघडायला नकार दिला होता, रक्कम फारच लहान म्हणून. मग या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गावी परतल्या, अक्षरं गिरवली, आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन म्हणाल्या, की कुठल्याही मुद्दलावरचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

मला या गोष्टीत बँकेपेक्षाही तो प्लास्टिकचा कागद महत्त्वाचा वाटतो. ती बाई ‘मला बचतीची सवय लावून घ्यायची आहे’ असं म्हणत आली नव्हती. तिला छप्पर दिसत होतं, पोरं भिजताना दिसत होती आणि मृग कधी लागतो ते तिला माहीत होतं. वस्तू, रक्कम, महिना, तिन्ही तिच्या डोक्यात पक्की होती. मोठमोठे सल्लागार पैसे घेऊन जे शिकवतात, त्याच्या पुढे ती होती.

पैसा कुठे ठेवायचा, यावर थोडं बोलायलाच हवं, कारण आमचा मुलूख सहकाराचा आणि इथे गल्लीगल्लीत पतसंस्था. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी फंडाचे सगळे पैसे अशाच एका संस्थेत ठेवले होते, अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून. संस्था अडचणीत आली. गुरुजी आजही दर महिन्याला चौकशीला जातात, डबा बरोबर घेऊन. त्यांना त्या पायरीवर बसलेलं पाहिलं की माझ्या पोटात तुटतं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा १ लाखावरून वाढली. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विम्याचं कवच नाही. हे एक वाक्य प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवावं असं मला कळकळीने वाटतं. दूरच्या हेतूंसाठी पोस्ट बरं. तिथली आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते आणि ६० हप्त्यांची असते. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीचं खातं वर्षाला २५० रुपयांवरही चालू राहतं.

फोनवरून पैसे द्यायला लागल्यापासून एक अडचण वाढली. पूर्वी पाकिटातून शंभराची नोट जाताना दिसायची. आता भाजीवालीकडे नुसतं ‘टुंग’ वाजतं. म्हणून आमच्याकडे पगाराच्या दिवशी आधी हप्ते जातात, मग उरलेल्यात महिना चालतो. जून, नदी, दवाखाना, भिशी. सासूबाई वहीत उभ्या रेघा आखून देतात, आकडे माझी लेक भरते.

यंदा त्या वहीत आणखी एक ओळ आली आहे आणि तिच्यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली. लेक गाणं शिकते. तिला तानपुरा हवा आहे. मोबाइलमधला तानपुरा फुकट मिळतो, मग हा खर्च कशाला, असं ह्यांचं म्हणणं, आणि ते वावगं नव्हतं. पण मिरजेत राहून पोरीने यंत्रातल्या स्वरावर गावं, हे सासूबाईंना पटेना. दीडशेहून अधिक वर्षं या गावात तंतुवाद्यं घडताहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून फरीदसाहेबांसारखे कारागीर निघाले आणि सतारमेकर हे आडनावच होऊन बसलं. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले आणि इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले.

आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो. दुकानाच्या माळ्यावर भोपळे टांगलेले होते, मातकट पिवळे, काही घागरीपेक्षा मोठे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत हे कडू भोपळे मुद्दाम पिकवतात. मिळतात तेव्हाच विकत घेऊन वाळवून ठेवावे लागतात. कारागिराने एक खाली काढला, बोटाने टिचकी मारली, कान लावला, परत टांगला. दुसरा काढला. त्याच्या पाठीवर चिरेची बारीक खूण होती, तोही बाजूला. तिसऱ्याला टिचकी मारून त्याने लेकीच्या हातात दिला आणि म्हणाला, “हा मुरलाय बघ.” लाकूड तुणीचं. दांडी, तबली, खुंट्या, मग पॉलिश, शेवटी घोडीवर जवारी. ते पैसे एका पगारात मावणारे नव्हते, म्हणून मी विचारलं, की थोडे थोडे दिले तर चालेल का.

“चालेल की ताई. घाई केली तर वाद्य बोलत नाही. दिवाळीला न्या.”

सासूबाईंनी घरी येऊन वही काढली. दिवाळीपर्यंतचे महिने मोजले, एकूण रकमेतून इसार वजा केला, उरलेल्याला भागलं. आकडा थोडा जड निघाला. मग त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून महिन्याला पाचशेची भर लिहिली, ह्यांनी गाडीच्या पेट्रोलमधले तीनशे कबूल केले, बाजारापर्यंत चालत जाईन म्हणाले. लेकीने तिच्या वाढदिवसाचं हॉटेल खोडलं. भिशीत माझा नंबर ऑक्टोबरला मिळतो का, ते पाच तारखेला विचारायचं आहे.