पंख मोडल्याचं सोंग

जूनमध्ये शेटलंडला रात्र असते ती नावापुरती. साडेअकरालाही अक्षरं दिसतील एवढा उजेड. तिथले लोक त्याला 'सिमर डिम' म्हणतात. ॲबर्डीनहून रात्रभर बोटीनं लर्विकला आलो होतो, ते किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढायला.

गोट्यांच्या किनाऱ्याला तिथला शब्द 'एअर'. सकाळी अशाच एका एअरवर ट्रायपॉड खांद्यावर टाकून चाललो होतो. एकदम पुढ्यात एक रिंग्ड प्लोव्हर आला, आपल्या चिखल्याचा भाऊबंद. एक पंख फरफटत, शेपटी पसरून, केविलवाणा ओरडत तो सरपटू लागला. तो चार हात पुढे जायचा, की मी त्याच्या मागे. शटर धडाधड चालू.

वीसेक फोटो झाल्यावर डोक्यात उजेड पडला. अरे, ही तर आमच्या गावच्या माळावरची टिटवी! अंड्यांजवळ कुणी गेलं की तीही पंख मोडल्याचं असंच सोंग घ्यायची. म्हणजे अंडी मागेच कुठेतरी राहिली, आणि मी बेधडक त्यांच्यातून चालत आलो.

आता परतायची भीती वाटू लागली. आलो त्याच वाटेनं, एकेक दगड न्याहाळत निघालो. गोट्यांमधल्या ओल्या वाळूत माझ्याच बुटाचा ठसा दिसला, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर बशीएवढा खळगा. आत चार अंडी, निमुळती टोकं मध्यभागी जुळवलेली. वाळूच्या रंगाची, वर काळे ठिपके. पापणी लवली की पुन्हा खड्यांत हरवायची.

वारा बोचरा होता. वर एक कुरव घिरट्या घालत होता. ब्रिटनच्या १९८१च्या कायद्यानुसार लिटल टर्नसारख्या काही पक्ष्यांना घरट्यावर त्रास द्यायचा तर परवाना लागतो. रिंग्ड प्लोव्हर त्या यादीत नाही. पण अंडी काही यादी बघून गार पडत नाहीत. एकही फोटो न काढता गाडीत जाऊन बसलो.

दहा मिनिटांनी पक्षी आला. थोडं धावायचा, थबकायचा, पुन्हा धावायचा. खळग्याशी आल्यावर पोटाची पिसं फुलवली, चोचीनं एक अंडं जरा आत सारलं आणि हलकेच अंग टेकलं. तेवढाच एक फोटो काचेआडून काढला.

मोडक्या पंखाच्या फोटोची सगळे वाहवा करतात. या दुसऱ्या फोटोत मात्र पक्षी कुठे आहे, ते मला बोटानं दाखवावं लागतं.