धक्के आणि दाते

माझ्या वर्गातली पुष्कळशी मुले मराठीसाठी आलेली नसतात. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही, मैत्रिणीने हाच विषय घेतला, गावची एस.टी. तास संपल्यावर सुटते, असल्या धक्क्यांनी ती माझ्या बाकांवर येऊन पडतात. आमचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक त्यांना 'ब्राउनचे कण' म्हणतात.

रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की परागांतले बारीक कण पाण्यात सारखे थरथरत, भटकत असतात. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी ढकलतात, हे आइनस्टाइनने १९०५ साली गणिताने उलगडले. धावपळ केवढी, आणि सरासरी प्रगती शून्य!

मग वाटेवर करवतीसारखे दाते बसविले तर? कण आपोआप एकाच दिशेला सरकतील, असे माझ्यासारख्या भाबड्याला वाटते. पण निसर्ग इतका उधळा नाही. फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ च्या आपल्या व्याख्यानमालेत दाखविले, की उष्णता सगळीकडे सारखी असेल, तर दातेरी चाक अडविणारा खटकाही त्याच धक्क्यांनी उडत राहतो. चाक जितके पुढे, तितकेच मागे.

उपाय आहे, पण त्याला मोल पडते. दात्यांची ओढ आळीपाळीने चालू-बंद करायची. चालू असता कण खाचेत बसतो. बंद होताच दोन्हीकडे सारखाच भटकतो. मात्र दात्याच्या उभ्या बाजूचे टोक जवळ असते, उतरत्या बाजूचे लांब. म्हणून ओढ परतली, की काही कण जवळचे टोक ओलांडून पुढच्या खाचेत पडतात. मागे फारच थोडे जातात. बाकीचे होते तिथेच! १९९४ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी विजेच्या साहाय्याने हे प्रत्यक्ष करून दाखविले. ऊर्जा मात्र दर खेपेला बाहेरून घालावी लागते.

तेव्हापासून मी हजेरीपटाकडे निराळ्या नजरेने पाहतो. नुसते धरून ठेवले, तर मुले गाइडातल्या उत्तरांच्या खाचेत बसतात. नुसते सोडले, तर पांगतात. गेल्या वर्षी एका मुलीला मी महिनाभर हवे ते वाचायला मोकळे सोडले. ती रहस्यकथांत रमली. मग बोलावून विचारले, "आता स्वतःचे काय आणतेस?" आठवड्याने तिने आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या ओव्यांची वही माझ्यापुढे ठेवली. तिच्याबरोबरची दोघे होती तिथेच आहेत. त्यांना पुन्हा सोडायचे, पुन्हा धरायचे.

आमचा विभाग पुढे चालेल की नाही, हा प्रश्न दर जूनला निघतो. मुले येतील ती धक्क्यांनीच येतील, त्याला माझा इलाज नाही. ओढ वेळेवर चालू करणे तेवढे माझ्या हाती आहे. ते फुकट होत नाही, हे संध्याकाळी माझा घसाच सांगतो.