काकांचा मारुती

व्ही. जी. सामंतांचा ‘हनुमान’ हा कार्टून सिनेमा २००५ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर थिएटरांत लागला. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावी तो यायला पुढची दिवाळी उजाडली. काकांनी भालकीहून भाड्यानं सीडी प्लेअर आणला. गाई-म्हशी ओवाळून झाल्या, लव्हाळ्याच्या दिवट्या विझल्या आणि गल्लीतली सगळी पोरं आमच्या ओसरीवर जमली. मुकेश खन्नांचा आवाज घुमला तसं कुणीतरी ओरडलं, “शक्तिमान!” मग काय, मारुती आणि शक्तिमान आमच्या लेखी एकच झाले.

सूर्य गिळायला झेप घेऊन झाली, लंका पेटली आणि मारुती संजीवनीसाठी निघाला, तेवढ्यात लाइट गेली. पोरांनी गलका केला. “अरे, मारुती कुठं थांबलाय?” असं म्हणत काकांनीच गोष्ट उचलली. त्यांचा मारुती द्रोणागिरी घेऊन बिदरच्या किल्ल्यावरून आला. डोंगराची तांबडी माती तिथं सांडली, म्हणून बिदरचं पठार लाल. आमच्या रानापर्यंत येईतो ती झडून संपली, म्हणून आपली जमीन काळी. मग मांजरेला तो पाणी प्यायला उतरला. हे सांगताना काका खरंच ओणवे झाले. डाव्या हाताची ओंजळ तोंडाशी आणि डोंगर कलंडू नये म्हणून उजवा हात तसाच वर. उंबऱ्यावरच्या पणतीच्या उजेडात तो हात मी डोळे भरून पाहिला. लाइट आल्यावर राहिलेला सिनेमा पाहिला, पण त्यात मांजरा नव्हती.

पुढं बऱ्याच वर्षांनी काकांच्या दुखण्यात बिदर झालं, हैदराबाद झालं. औषधं मिळाली, माणसंही धावली, गुण मात्र आला नाही. खाटेवर पडल्या पडल्या ते माझ्या मुलाला मारुती सांगत. आवाज खोल गेला होता, तरी गोष्टीत डोंगर आला की हात वर जायचा. दिवाळीच्या आधीच ते गेले. त्या वर्षी आमच्या घरी कढई चढली नाही. शेजारणींनी फराळाचे डबे आणून दिले.

मारुतीचे कार्टून आता मोबाइलवर हवे तेव्हा लागतात. मुलगा आवडीनं बघतो, मीही त्याच्याजवळ बसतो. मध्यंतरी त्याला बिदरचा किल्ला दाखवायला नेलं. तिथली माती मुठीत घेऊन तो म्हणाला, “ही मारुतीनं सांडलेली ना?” मी हो म्हणालो. “मग मांजरेवरून तो पुढं कुठं गेला?”

पुढचं काका दर वेळी नवं रचायचे. ते सांगणारं माणूस आता आमच्या घरात उरलेलं नाही.