शूटिंग बघायला मुंबईला

शाहू मोडक नगरचे. सदाशिव अमरापूरकरही नगरचेच. ‘प्रभात’च्या 1940 च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये मोडक ज्ञानेश्वर झाले, आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं तर आमच्याच जिल्ह्यात. एवढं असून शूटिंग बघायचं म्हटलं की मुंबई गाठावी लागे.

टीव्हीवर ‘महाभारत’ जोरात होतं तेव्हाची गोष्ट. तारकपूर स्टँडवरून रात्रीची एसटी, माळशेजच्या वळणांवर पोटातलं सगळं बाहेर, मग कल्याणहून लोकल बदलत गोरेगाव. मामा आरे दुग्धवसाहतीत कामाला, आणि चित्रनगरी तिला लागूनच. सरकारने ती 1977 साली उभारली. दादासाहेब फाळक्यांचं नाव तिला 2001 मध्ये मिळालं, आमच्या तोंडी फक्त ‘फिल्मसिटी’. मामाच्या ओळखीवर आत शिरलो. भीष्म दिसतील म्हणून गेलो, दिसले लाइटमन. चंदेरी रिफ्लेक्टर, ट्रॉलीचे रूळ, भाता काखोटीला मारून वडापाव खाणारा एक सैनिक. एक नट दुपारपर्यंत एकच वाक्य म्हणत होता. मध्येच कुणीतरी ‘ए, फ्रेममधून बाजूला हो!’ म्हणून खेकसलं, तर माझी कॉलर ताठ. क्षणभर का होईना, मी फ्रेममध्ये होतो की!

आता तिकीट, बस आणि गाइड. देऊळ, कोर्ट, तुरुंग, हेलिपॅड. प्रत्येक ठिकाणी कुठला सीन झाला ते गाइड पाढे म्हटल्यासारखा सांगतो. मुलांना घेऊन गेलो तेव्हा जिथे खरोखर काम चालू होतं, तिथेच बस थांबली नाही. तिकिटाबद्दल तक्रार नाही. कर्जतला (आमच्या नव्हे, रायगडच्या) नितीन देसाईंनी 2005 मध्ये स्टुडिओ काढला, ‘जोधा अकबर’चे महाल पुढे पर्यटकांना खुले झाले. काम झालं की सेट मोडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण या सहलीतून ताटकळणं तेवढं कापलंय, आणि सिनेमाच्या धंद्यात निम्मा दिवस त्यातच जातो.

आमच्या मुलांना मात्र शिर्डीचं साईतीर्थ जास्त आवडलं. स्टुडिओ नाही, शूटिंग नाही, सरळ थीम पार्क. तिथे ‘लंकादहन’चा फाइव्ह-डी खेळ असतो. फाळक्यांनी 1917 मध्ये याच नावाचा चित्रपट केला, त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते. हे मी रांगेतच मुलांना सांगितलं. धाकटी म्हणाली, “बाबा, मग दोघं एकत्र दिसायचे कसे?”