गाविलगडाच्या वाटेवरचा दम

परतवाड्याहून निघालेली गाडी धामणगाव गढी मागे टाकून घाटाला लागली, की मागे बसलेल्या एखाद्या मुलाचा चेहरा पांढरा पडतो, आई पिशवीत लिंबू शोधू लागते आणि वडील मागे न पाहता ‘आता आलंच’ म्हणतात. चिखलदऱ्याच्या सहलीचा हा ठरलेला पहिला प्रवेश. ज्याला गाडी लागते त्याला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, हातातला मोबाइल काढून घ्यावा, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि निघताना पोटभर कचोरी खाऊ घालू नये; एवढ्याने बहुतेकांचे भागते. मला आज सांगायचे आहे ते मात्र गाडीतून उतरल्यानंतरचे आहे.

गेली सत्तावीस वर्षे मी परतवाड्यात दवाखाना चालवते. ‘चार दिवस हवापालट करून या’ असे या काळात मी किती जणांना सांगितले असेल, याची गणती नाही. आमच्या भागात हवापालट म्हणजे चिखलदरा. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीचे हे गाव मे महिन्यात आम्हां वऱ्हाडकरांना माहेरासारखे वाटते. खाली अंगाची लाही होत असताना वर पाच-सहा अंश कमी तापमान असते आणि रात्री चादर ओढावी लागते. माझे रुग्ण माझा सल्ला मानून जातात, आणि परत येतात तेव्हा वजनकाट्यावर किलोभर अधिक भरतात.

हे कसे घडते, ते आपणही अनुभवले असेल. गाडी देवी पॉइंटच्या पायऱ्यांपर्यंत जाते. छायाचित्रे निघतात. भीमकुंडाच्या कठड्याशी पाच मिनिटे. पंचबोल पॉइंटला हाका मारून प्रतिध्वनी ऐकणे. शक्कर तलावात नौकाविहार. वाटेत मक्याचे कणीस, भजी, आणि परतताना मोथा परिसरातील खवा आणि रबडी. (रबडीविरुद्ध मी काही लिहिणार नाही. या डोंगरावरच्या गवळ्यांच्या दुधाची ती चव मला स्वतःला टाळता येत नाही.) दिवसभर ‘फिरलो, फिरलो’ म्हणताना पाय किती चालले, हे मोजले तर हजार पावलेही भरत नाहीत. वनविभागाच्या गाडीतून केलेल्या जंगल सफारीत माणूस तीन तास घराबाहेर असतो हे खरे, पण तो बसलेलाच असतो.

गंमत अशी, की या स्थळाचा लौकिक चालण्यामुळेच झाला. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे पठार गोऱ्या लोकांच्या नजरेस आणले, आणि पुढे मैदानातील उन्हाळा न सोसणारे साहेब येथे येऊन राहू लागले. ते पायी किंवा घोड्यावरून हिंडत. कॉफीची झाडेही त्याच काळातील वारसा. त्याही आधीची, आपल्या आजीने सांगितलेली कथा तर सरळसरळ बाहुबलाची आहे. भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकले, म्हणून हा कीचकदरा, त्याचा चिखलदरा. आणि भीमकुंडात त्याने हात धुतले. ज्या जिल्ह्यात १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था उभी राहिली, आणि ज्या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, त्या जिल्ह्यातील कुटुंबे व्यायामाला अपरिचित आहेत, असे कोण म्हणेल? परंतु व्यायाम हा आपण आखाड्यात ठेवला. तो तरुण मुलांचा झाला, आई, आजोबा आणि सून यांच्या वाट्याला आलाच नाही.

हे सारे मी अधिकारवाणीने सांगत असे. त्रेपन्नाव्या वर्षी माझी स्वतःची उपाशीपोटीची साखर १३२ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी ७.१. सत्तावीस वर्षे खुर्चीत बसून इतरांना ‘चाला’ म्हणणाऱ्या बाईचे हे निदान कोणत्याही शिकाऊ डॉक्टरला जमले असते. त्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा ठरवून, गाडी गावात ठेवून, गाविलगडाकडे पायी निघाले.

गावापासून किल्ला जेमतेम दोन किलोमीटर. बहमनी काळात बांधलेला आणि इमादशाहीत वाढवलेला हा गड १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला; किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. बाहेरचा कोट तोफांनी फोडून आत शिरलेल्या सैन्याला पुढे एक घळ आणि त्यापलीकडे दुसरी तटबंदी दिसली, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या घेऊन तो चढ चढला. इतिहास वाचताना ही घळ एका वाक्यात ओलांडली जाते. मी मात्र दरवाज्याच्या अलीकडच्या चढावरच चार वेळा थांबले. चौथ्या वेळी रस्त्याकडेच्या एका मोठ्या दगडावर बसून नाडी मोजली. मिनिटाला १४८.

माझ्या मनाने लगेच सबब शोधली, ‘हवा विरळ आहे.’ आपल्यापैकी अनेक जण हीच सबब सांगतात, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहिते. उंचीमुळे होणारा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. चिखलदऱ्याची हवा परतवाड्यापेक्षा थोडी विरळ आहे, पण निरोगी माणसाला त्याची जाणीवही होऊ नये इतकीच. येथे चढताना दम लागला तर दोष डोंगराचा नव्हे. कारण हृदयात, फुप्फुसात, रक्तात किंवा न वापरलेल्या स्नायूंत शोधावे लागते. माझ्या बाबतीत ते स्नायूंत होते.

त्याच दगडावर, माझ्या शेजारी, एक कोरकू बाई येऊन बसली. डोक्यावरची सरपणाची मोळी तिने दगडाला टेकवून उतरवली. वय तिशीच्या आतबाहेर. तीही धापा टाकत होती.

“बाई, दमल्या का तुमी?” तिने विचारले.

“दमले. सवय नाही ना. तू तर रोज चढत असशील.”

“रोजच. पण मले आता सदाच दम लागते, बाई. पहिले नव्हता लागत.”

तोपर्यंत, खरे सांगते, माझ्या डोक्यात या लेखाचा एक वेगळाच मसुदा तयार होत होता. पाहा, डोंगरातील माणसे कशी काटक असतात, मोकळ्या हवेत राहतात, साधे खातात, औषधावाचून जगतात, असा. शहरी वाचकाला हे वाचायला आवडते, आणि आम्हा डॉक्टरांना लिहायलाही. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला रंग कागदासारखा होता. नखे चपटी झालेली. तीन मुले, धाकटे अंगावर पिणारे. जेवायला बसते ती सर्वांत शेवटी. चिखलदऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी तिला सोबत घेऊन गेले. हिमोग्लोबिन ७.२. तिच्या वयाच्या स्त्रीमध्ये ते १२ च्या वर हवे.

वाचकहो, एका दगडावर बसलेल्या आम्हा दोघींच्या दमाकडे पुन्हा पाहा. मला दम लागला तो सत्तावीस वर्षे श्रम न केल्याने. तिला लागला तो अंगात रक्त नसताना रोज श्रम केल्याने. माझ्यावरचा उपाय म्हणजे चालणे. तिला ‘चाला’ म्हणणे ही थट्टा ठरली असती. मेळघाटातील कुपोषणाची चर्चा १९९० च्या दशकापासून वर्तमानपत्रांत चालू आहे; याच डोंगररांगेत, बैरागडला, डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आपले आयुष्य या लोकांच्या सेवेत घातले, त्याबद्दल २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी पस्तीस किलोमीटर खाली बसून हे सर्व वाचत आले होते. वर मात्र हवापालटासाठीच येत होते.

तिची सिकलसेलची चाचणीही करून घेतली, कारण विदर्भातील आदिवासी समाजांत हा आजार बराच आढळतो. सुदैवाने तो नव्हता. आपल्या घरात कोणाला सिकलसेल असेल, तर डोंगरावर त्याने मोठा चढ एका दमात चढू नये, अंगात गरम कपडा ठेवावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. थंडी, थकवा आणि पाण्याची कमतरता या तिन्हींनी वेदनांचा झटका येऊ शकतो. बाईला जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गोळी चहाबरोबर घेऊ नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे, शौच काळे झाले तर घाबरू नको, असे मी तिला तीनदा सांगितले. आपल्या घरी लोहाच्या गोळ्या अर्धवट टाकून दिलेल्या असतील, तर बहुधा या शेवटच्या कारणानेच.

आता माझ्या आणि आपल्या चालण्याविषयी. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम करावेत, मुलांनी रोज तासभर, हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आपण ऐकले असेल. मध्यम म्हणजे किती, याला यंत्र लागत नाही. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. चिखलदऱ्याच्या चढावर ही कसोटी दर दहा पावलांनी घेता येते. बोलणे तुटू लागले की थांबा, पुन्हा निघा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही झाले तर चालणे तेथेच संपले असे समजा आणि खाली रुग्णालय गाठा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर अथवा खडीसाखर ठेवावी. दोन तासांच्या चालीने साखर एकाएकी उतरू शकते, आणि तेव्हा मोथ्याची रबडी फार दूर असते. गुडघे दुखतात ते चढताना नव्हे, उतरताना. उताराला मांडीचे स्नायू ताणलेल्या स्थितीत भार पेलतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘आई गं’ होते. ती दुखापत नव्हे. लहान पावले टाका, हातात काठी घ्या, आणि दोन दिवसांनी पुन्हा चाला.

एका बाबतीत मात्र माझा नेहमीचा सल्ला येथे उलटतो. दवाखान्यात मी सर्वांना पहाटे फिरायला सांगते. चिखलदऱ्यात पहाटे फिरू नका. हा व्याघ्रप्रकल्पाचा प्रदेश आहे. वाघाची भीती सर्वांना असते, परंतु पायी चालणाऱ्याला खरे भय अस्वलाचे, आणि ते झुंजुमुंजू अंधारात आणि तिन्हीसांजेला हिंडते. ऊन चांगले वर आल्यावर, दोघे-तिघे मिळून, बोलत चालावे. डिसेंबर-जानेवारीतील कडाक्याच्या थंडीत तर हृदयरोग्यांनी सूर्य दिसल्याशिवाय दाराबाहेर पडूच नये.

पावसाळ्यात चिखलदरा सर्वांत देखणा असतो, आणि त्याच दिवसांत आपली मुले धबधब्यांखाली आणि कुंडांत उतरतात. शेवाळलेल्या खडकाला पोहता येणे न येणे सारखेच. माझ्या ओळखीच्या एका घरात त्या कारणाने एक छायाचित्र भिंतीवर आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत उंच गवतातून चालून आल्यावर दोन आठवड्यांच्या आत थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना ‘मी गवतात फिरलो होतो’ हे आवर्जून सांगा. गवतातील बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ साली विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग शोधावा. लवकर ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर जिवावर बेततो. पूर्ण बाह्या, पायमोजे आणि परतल्यावर साबणाने अंघोळ, एवढे तरी पाळा.

मी दर महिन्याला एकदा त्याच वाटेने जाऊ लागले. एरवी परतवाड्यात रोज चाळीस मिनिटे. पहिल्या खेपेस गडाच्या दरवाज्यापर्यंत पाऊण तास लागला होता आणि चार थांबे. फेब्रुवारीत एकतीस मिनिटे आणि एकच थांबा. दरवाज्यावर कोरलेला गंडभेरुंड मी तोपर्यंत मान वर करून पाहिलाच नव्हता; पूर्वी तेथे पोचल्यावर मान खाली घालून श्वास घेण्यातच वेळ जाई. आतील मशिदीच्या पडक्या कमानीतून दरी पाहण्याएवढा दम आता उरतो. माझी सरासरी साखर ६.४ वर आली, औषध निम्मे झाले. हे सर्वांचे असेच होईल, असे मी म्हणणार नाही. औषध स्वतःहून कमी करू नका.

तो एक थांबा त्याच दगडावर असतो. मार्चच्या सुरुवातीला मी तेथे बसले होते, तेव्हा ती समोरून आली. डोक्यावर मोळी तशीच, कदाचित आधीपेक्षा मोठी. मला पाहून हसली, पण बसली नाही.

“बसा बाई, आराम करा. मले घरी सैपाक करा लागते,” म्हणाली आणि चालती झाली.

गोळ्या चालू आहेत ना, असे मी मागून ओरडून विचारले. वळणापलीकडून तिने काहीतरी उत्तर दिले. वारा होता, नीट ऐकू आले नाही.