हौस आणि हिमायत

मराठीतल्या 'हौशी' या शब्दाची आम्हांला फार दिवसांपासून गंमत वाटत आली आहे. हौशी नट, हौशी गायक, हौशी खेळाडू असे आपण सहज म्हणून जातो आणि त्यात थोडे कौतुक व थोडी कीव असे दोन्ही भाव मिसळलेले असतात. शब्द मूळचा अरबी 'हवस'. फारसीच्या वाटेने तो दख्खनेत उतरला. आमच्या हैदराबादेत उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यापुढे तो आजही उच्चारला, तर लोभ किंवा वासना हाच अर्थ त्याच्या मनात येईल. मराठी माणसाने मात्र त्याच शब्दाला घासूनपुसून 'हौस' केले आणि 'हौसेला मोल नाही' अशी म्हणही त्याच्या पदरी बांधली. एका शब्दाची ही दोन रूपे एकाच गल्लीत नांदताना आम्ही रोज ऐकतो. परंतु घरातल्या तरुणाला लागलेले वेड यांपैकी कोणते, हे ठरविण्याची पाळी वडीलधाऱ्यांवर येते, तेव्हा शब्दकोश उपयोगी पडत नाही. तशी पाळी मध्यंतरी आमच्यावर आली.

निमित्त झाले आमच्या भाच्याचे. आमची धाकटी बहीण नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरला दिलेली आहे. आपल्या नगरीतील हिमायतनगराचे हे नामबंधू पैनगंगेच्या बाजूच्या प्रदेशात आहे आणि त्याचे जुने नाव वाढोणा, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेलच. त्या हिमायतनगरचा हा मुलगा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी या हिमायतनगरात, आमच्या घरी, राहावयास आला. येताना त्याने एक पत्र्याची पेटी, आईने दिलेला चिवडा आणि तीन कला आणल्या. पाठीला रिकामा डबा बांधून तो विहिरीत पोहायला शिकला होता. शाळेला सायकलवरून जात असे. आणि पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या थोरल्या मुलांबरोबर पहाटे डांबरी सडकेवर धावत असे. या तिन्हींची मिळून एक स्पर्धा असते, हे त्याला हैदराबादेत आल्यावर एका वर्गमित्राकडून कळले, आणि तेव्हापासून आमच्या घरातील गजराचे घड्याळ साडेचारला वाजू लागले.

या स्पर्धेचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहायचे, ओल्या अंगानेच सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवली की लगेच धावू लागायचे. घड्याळ मध्ये कोठेही थांबत नाही. बूट घालण्यात गेलेला वेळसुद्धा हिशेबात धरला जातो. या नावाची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाली. पुढे १९७८ साली हवाई बेटांवर 'आयर्नमॅन' या नावाने तिचे अचाट रूप अवतरले. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धाव! त्या वर्षी पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पुरी केली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १.५, ४० आणि १० किलोमीटर अशा सौम्य अंतरांनी या खेळाला प्रवेश मिळाला. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पुरी केली आणि २०१९ च्या ऑक्टोबरात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची शर्यत भरली, तेव्हा हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. भाच्याच्या टेबलावरील भिंतीला त्या गोव्याच्या शर्यतीचे चित्र डकवलेले आहे.

हैदराबादेत या खेळाचा सराव करणे ही मोठी मौजेची गोष्ट आहे. सोळाव्या शतकात बांधलेला हुसेनसागर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. परंतु त्या पाण्यात पोहण्याचे नाव काढण्याची सोय राहिलेली नाही. तेव्हा तलावांच्या या नगरीत पोहणाऱ्याला निळ्या फरशीचा तरणतलावच गाठावा लागतो. तेथील शिक्षकांनी पहिल्याच दिवशी भाच्याला सांगितले, "तू बुडू नये म्हणून पोहतोस, पुढे जाण्यासाठी पोहत नाहीस." विहिरीत पोहणारा मुलगा डोके पाण्यावर ठेवतो, त्यामुळे कंबर व पाय खाली जातात आणि शक्ती पाणी ढकलण्यातच खर्च होते. तोंड पाण्यात ठेवून कुशीकडे श्वास घेण्यास शिकायला त्याला तीन महिने लागले. सायकलसाठी तो रविवारी पहाटे मित्राची सायकल मागून शहराच्या पश्चिमेस जातो. तेथे बाह्यवळण रस्त्याच्या कडेने तेवीस किलोमीटरचा, सौर छपराखालचा सायकलमार्ग २०२३ साली खुला झाला आहे. मोटारींच्या भीतीवाचून सायकल हाकता येईल अशी जागा या शहरात दुर्मीळच.

धावण्यासाठी मात्र दार उघडले की पुरे. लिबर्टीच्या चौकातून टँकबंड गाठावा, किंवा दोमलगुड्याकडून इंदिरा पार्कला फेऱ्या घालाव्यात. धावणे म्हणजे दम लागेपर्यंत पळणे अशी आमची समजूत होती. भाच्याने सांगितले, "मामा, सरावातलं बहुतेक धावणं हळूच असतं. धावताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला." मराठीच्या शिक्षकाला पटावा असा हा निकष! आठवड्यातून एकदा तो सायकलवरून उतरून लगेच धावतो. सायकल चालविताना मांडीचे स्नायू एका ठराविक चक्रात फिरत असतात. उतरल्यावर त्यांना अंगाचा भार पेलून जमिनीवर आपटायचे असते. पहिली काही मिनिटे पाय आपले नव्हेतच असे वाटते म्हणतात. त्या परक्या पायांशी ओळख करून घेणे हाच या सरावाचा हेतू.

येथवर सारे ठीक होते. पुढे प्रश्न आला सामानाचा. पोहण्याचा चष्मा, न बांधता घट्ट बसणारी रबरी नाडी, शिरस्त्राण, मनगटी घड्याळ अशी यादी वाढत गेली आणि शेवटी हलक्या कार्बनच्या सायकलवर येऊन थांबली. तिची किंमत लाखाच्या घरात. त्याच सुमारास परीक्षेचा निकाल लागला आणि त्याचा एक विषय राहिला. आमचे मेहुणे सहा एकर कोरडवाहू जमिनीत कापूस व सोयाबीन काढणारे शेतकरी. त्यांचा दूरध्वनी आला. "गुरुजी, पोरगं तुमच्या हवाली केलंय. ते शिकतंय का पळतंय, एवढं सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं." मग थोडे थांबून म्हणाले, "आम्हीबी पळतच होतो की. बुटावाचून काय अडलं न्हाई."

या शेवटच्या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला, कारण इतिहास त्यांच्या बाजूने आहे असे वरकरणी दिसते. १९६० साली रोमला आबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. आपल्याकडेही पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सर दोराबजी टाटांनी जे धावपटू पाहिले, ते शेतकऱ्यांची मुले होती आणि अनवाणीच धावत होती. त्यांचे वेग युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास आहेत हे त्या जाणकाराने ओळखले. परंतु दोराबजींनी यावरून 'यांना काही नसले तरी चालते' असा निष्कर्ष काढला नाही. त्यांनी खटपट केली, स्वतःचे पैसे घातले आणि १९२० साली ॲन्टवर्पच्या ऑलिंपिकला एक लहानसा भारतीय चमू रवाना झाला. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, पाव किलोमीटर कमी त्रेचाळीसच्या आसपास, म्हणजे ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. पाय त्यांचे स्वतःचे होते. परंतु बेळगाव ते ॲन्टवर्प हे अंतर केवळ पायांनी तुटणारे नव्हते. त्यासाठी मागे कोणीतरी उभे राहावे लागले.

आपल्या मराठवाड्याचेच अलीकडचे उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी कित्येक किलोमीटर तुडवून शाळेला जात असे. पायांत बळ तेव्हापासूनच होते. सैन्यात गेल्यावर त्या बळाला शिस्त, आहार व मार्गदर्शक मिळाले. २०२३ साली हांगझौ येथे त्याने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत आशियाई सुवर्णपदक मिळविले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. तेव्हा प्रश्न बूट असावेत की नसावेत हा नाही. कोणती वस्तू शरीराचे रक्षण करते आणि कोणती केवळ डोळ्यांना सुख देते, हा खरा प्रश्न आहे. श्रीमंतांच्या खेळातही या वस्तूंचा सोस इतका वाढला की २०२० साली जागतिक संघटनेला रस्त्यावरील शर्यतीच्या बुटाचा तळ चाळीस मिलिमीटरहून जाड नसावा असा नियम करावा लागला.

मुख्याध्यापकाला नोंदवहीवाचून विचार करता येत नाही. आम्ही एक वही घातली आणि दोन महिने भाच्याची दिनचर्या टिपली. त्यातून जे दिसले ते साधेच होते. पोहणे, सायकल व धावणे मिळून त्याचे दिवसाचे दीड-दोन तास जात. ते तास अभ्यास गिळत नव्हते. गिळत होती ती झोपेची तूट. पहाटे साडेचारला उठणारा मुलगा रात्री साडेअकरापर्यंत सामानाच्या किमती आणि परक्यांचे पराक्रम भ्रमणध्वनीवर पाहत बसे आणि वर्गात डुलक्या घेई. धावणे ही त्याची हौस होती. न धावता धावण्याच्या वस्तूंमागे लागणे ही हवस होती. दोन्ही शब्द एकाच मुलात नांदत होते, आणि निवाडा मुलाचा नव्हे, तर या दोहोंचा करावयाचा होता.

आम्ही त्याला समोर बसवून चार गोष्टी ठरविल्या. रात्री साडेनऊला भ्रमणध्वनी मामीच्या कपाटात जाईल. राहिलेला विषय सुटेपर्यंत कोणत्याही स्पर्धेत नाव घालायचे नाही. सराव मात्र चालू राहील. धावण्याचे बूट चांगले आणि नवे घ्यायचे, कारण सिमेंटच्या रस्त्यावर गुडघ्यांना दुसरा वाली नाही, आणि पाचसातशे किलोमीटरनंतर तळ बसला की ते बदलायचे. सायकल जुनी, पोलादी, परंतु उंचीला बेताची घ्यायची. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "मामा, सराव बंद कर म्हणाल असं वाटलं होतं." मेहुण्यांना आम्ही कळविले, "शिकतोही आहे आणि पळतोही आहे. दोन्हींवर आमचे लक्ष आहे."

पुढे विषय सुटला. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धाव अशी नवशिक्यांची एक शर्यत त्याने जुन्या सायकलवर पुरी केली. क्रमांक मधलाच आला. सायकलवर मागे टाकणाऱ्यांपैकी अनेकांना त्याने धावताना गाठले, एवढेच समाधान. गोव्याचे चित्र भिंतीवर आहे. ते पदवीनंतर, स्वतःच्या पगारातून, असे त्याचे त्यानेच ठरविले आहे. कापूस विकला गेल्यावर मेहुण्यांनी थोडे पैसे पाठविले आणि दूरध्वनीवर बजावले, "हे सायकलीसाठी न्हाईत. डोक्यावरचं टोपडं चांगलं घ्या. डोकं शाबूत राहिलं तर परीक्षा हाय अन् सायकल बी हाय." पुत्राच्या खेळाचा याहून सुज्ञ विचार आम्ही ऐकलेला नाही.

आमच्या वस्तीला हिमायतनगर हे नाव निजामाचे थोरले पुत्र हिमायत अली खान यांच्यावरून पडले. परंतु 'हिमायत' या शब्दाचा अर्थ पाठराखण, हे आपण विसरून गेलो आहोत. औरंगाबादेस १९५८ साली विद्यापीठ झाले. त्यापूर्वी मराठवाड्याच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. आपल्यापैकी किती घरांचा या नगरीतील इतिहास कोणा मामाच्या, आत्याच्या, गाववाल्याच्या ओसरीवर सुरू झाला आहे! त्या ओसरीने मुलांना केवळ भाकरी दिली नाही. वेळेवर निजविले, वेळेवर दटावले आणि गावी पत्र लिहून वडिलांना धीर दिला. आज मुलांची वेडे बदलली आहेत. ज्यातून गुण मिळत नाहीत, नोकरी मिळत नाही, बक्षीसही बहुधा मिळत नाही, अशा श्रमासाठी एखादा तरुण पहाटे उठत असेल, तर त्याला लाखाची सायकल देणे आपल्याला जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. परंतु त्याचे सारे ऐकून घेणारे, आणि हौस कोठे संपते व हवस कोठे सुरू होते हे त्याच्या शेजारी बसून पाहणारे एक माणूस त्याला घरात मिळाले पाहिजे. हौसेला मोल नसेलही. हिमायतीला मात्र वेळ मोजावा लागतो.